पालथा वाडगा

स्टुटगार्टपलीकडच्या त्या गावात राहायला आल्यापासून सुकन्याला एकच हाव होती: गावाने आपल्याला आपलं म्हणावं. नवरा श्यामकांत दिवसभर गाड्यांच्या कारखान्यात; त्याच्या लेखी गाव म्हणजे झोपायची जागा. म्हणून गावजत्रेत चौकात रांगोळी काढशील का, असं शेजारच्या केलरआजींनी विचारलं, तेव्हा सुकन्याबाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. गावाचं मानचिन्हच काढायचं, तिने ठरवून टाकलं.

मानचिन्ह साधं होतं, हिरव्या ढालीवर एक पालथा वाडगा. कुंभारांचं गाव असणार. विचारायला तोंड होतं, पण विचारलं नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, डोकंही नसतं. शिवाय भर उत्सवात पालथं, रिकामं भांडं? शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत करत नाही. तिने वाडगा सुलटा काढला आणि त्यात खरेखुरे गहू शिगोशीग भरले.

लोक जमले. फोटोसाठी काढलेले मोबाइल खाली गेले. सुकन्याला वाटलं, भारावलेत.

केलरआजींनी तिला बाजूला घेतलं.

"फार पूर्वी युद्धात शेजारचं गाव जळालं. तिथली माणसं वाडगे घेऊन आमच्या वेशीशी आली. आमची कोठारं भरलेली होती, तरी आम्ही दारं लावून घेतली. बर्फ वितळल्यावर प्रेतं सापडली, बाजूला पालथे वाडगे. विसरू नये म्हणून दारं लावणाऱ्यांच्याच नातवंडांनी तसा वाडगा ढालीवर घेतला."

सुकन्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उपाशी मेलेल्यांपुढे आपण धान्य मांडलं होतं, तेही शोभेला.

"अगं, जाऊ दे ना," श्यामकांत हळूच म्हणाला. "आउसलेंडर आहोत आपण, परदेशी. सोडून देतील."

ते तर तिला जास्तच झोंबलं. ती सगळ्यांदेखत खाली बसली आणि गहू ओंजळीने उपसू लागली. रंगात माखलेले दाणे बोटांना चिकटत होते. केलरआजीही दुखरे गुडघे सावरत शेजारी टेकल्या आणि दाणे वेचू लागल्या.

"पाहुण्यांना आम्ही कुंभारांचं गाव असंच सांगतो," त्या म्हणाल्या. "खरं फक्त गावातल्यांना."

हवं होतं ते मिळालं होतं. सुकन्याला मान वर करता येईना.