एक्केचाळीस नंबरची डबी

राजेश्रीला तुम्हीच धमकावलंत. "डबी रिकामी आली तर उद्यापासून तुझं आशाचं काम बंद," हे तुमच्याच ऑफिसातून फोनवर सांगितलं होतं. आता म्हणता, असं कुणी बोललंच नाही. खोटं बोलता तुम्ही.

तीन वर्षं झाली त्याला. जिंतूर तालुक्यातल्या त्या गावात तुम्ही संशोधनवाले तान्ह्या लेकरांची शी तपासायला गोळा करत होता. सर्दी-तापाला, हगवणीला सारखी औषधं पाजली की पोटातले चांगले जंतू मरतात का, त्यानं पुढं दमा लागतो का, हे तुम्हाला शोधायचं होतं. काम चांगलंच. पण बर्फाची पेटी घेऊन जीप सकाळी आठला दारात, आणि कावेरीच्या मैथिलीला दोन दिवस शी झालीच नव्हती. राजेश्रीनं शेजारच्या परमेश्वरच्या गुटगुटीत पोराची शी मैथिलीच्या, एक्केचाळीस नंबरच्या डबीत भरली. जीप गेली. परत कुणी विचारायलाही आलं नाही.

मैथिलीची छाती दुसऱ्या वर्षी वाजायला लागली. मागच्या दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनच्या मळणीचा धुराळा उठला अन् पोरीचा श्वास अडकला तो अडकलाच. परभणीला नेताना बोरीच्या पुढं, एसटीतच, आईच्या मांडीवर ती गार पडली.

तेव्हापासून राजेश्रीच्या कानात मैथिलीच्या छातीची ती शिट्टी. भर दुपारी, अंगणवाडीत वजनकाटा मांडताना, कुणाच्या ओसरीवर लसीची तारीख लिहिताना. बारीक, सूं सूं. वळून बघावं तर कुणी नाही. पाळण्यात लेकरू निजलेलं दिसलं की ती आधी त्याच्या छातीला कान लावते. बाया म्हणतात, "आशाताईला याड लागायलंय."

आणि मग चैत्रात तुमचे साहेब आले. हसत हसत. कावेरीच्या दारात उभं राहून म्हणाले, "एक्केचाळीस नंबरचं बाळ कुठंय? अख्ख्या जिल्ह्यात इतकं चांगलं पोट कुणाचं नाही! काय खाऊ घालता?"

मैथिलीची आजी बायनाबाई आतून ओरडली, "कोण मुडदा कुणाचं पोट इचारायलाय?"

कावेरी मात्र साहेबांच्या पाया पडायला वाकली. सहा महिने ती स्वतःलाच खात होती. वर्षात औषधाच्या सात बाटल्या आपणच पाजल्या, आपणच पोरीचं पोट जाळलं. "चांगलं होतं ना पोट? मंग माझ्या हातून काई न्हाई झालं ना? आणिक एकदा सांगा, साहेब."

राजेश्रीला गप्प बसता आलं असतं. कावेरीच्या जिवाला थारा मिळाला असता, कामही राहिलं असतं. पण शिट्टी सुरू झाली, या वेळी अगदी कावेरीच्या पाठीमागून.

"ती मैथिलीची नव्हती," राजेश्री म्हणाली. "परमेश्वरच्या पोराची होती. मी भरली. अन् मैथिली दिवाळीआधी गेली, साहेब."

कावेरीनं साहेबांचे पाय सोडले. साहेबांचं हसू गेलं. कागद चाळत ते म्हणाले, "आता बदलता येणार नाही. अहवाल छापून गेलाय. त्यात एक्केचाळीस नंबर ठणठणीत आहे. हजार मुलांत एकानं काय फरक पडतो?"

ते जीपकडं वळले. कावेरी उठली अन् जीपचं दार दोन्ही हातांनी धरलं. राजेश्री पुढं झाली तशी ती ओरडली, "तू थांब अक्का, तुझं मी मागून बघते!" मग साहेबांकडं वळली.

"बाटल्यांनी गेली, का धुराळ्यानं, का आणिक कशानं? हेच शोधायला आलता ना तुमी? परमेश्वरचं पोरगं ठणठणीत हाय, ते मला बी दिसतंय. माझी पोर कशानं मेली? सांगा!"