कपाशीवरचा ड्रोन

प्रशिक्षणाच्या पहिल्या सकाळी आमचे फोन गेटवर जमा झाले, आणि लेक जेवली का हे विचारायची सोय संध्याकाळी सहापर्यंत गेली. चौदा महिन्यांची आहे ती. शहाद्याजवळ सासरी, माझ्या जाऊबाईंकडे असते. मी धडगावला पोलीस शिपाई. पंधरा दिवसांनी घाट उतरून तिला बघायला जाते. मागच्या खेपेला ती जाऊबाईंच्या पदराआडून माझ्याकडे नुसती बघत राहिली. "तिनी वळखं नही तुले, खाकीमुळे," जाऊबाई म्हणाल्या.

मी त्या दिवशी साडीत होते.

म्हणून मला हे पाच दिवस हवे होते. नंदुरबारला ड्रोनवर नजर ठेवणारं नवं पथक होणार होतं. त्यात दोन जागा. पहिल्या दोघांत आले तर बदली, क्वार्टर, लेक जवळ. पाळणाघरसुद्धा बघून ठेवलं होतं. तिथल्या बाईंना मी दोनदा विचारलं, खिडकीला जाळी आहे ना.

शिकवायला अभिनंदन सर होते. मूळचे नंदुरबारच्याच दुकानदार घरातले, आता पुण्याला. पडद्यावर चार पंखांचे, सहा पंखांचे, विमानासारखे ड्रोन दाखवायचे आणि म्हणायचे, "पाडायचं तुमच्याकडे नाही. जॅमरला हात लावायचा नाही. बघायचं, लिहायचं, वायरलेसवर कळवायचं. चालवणाऱ्याला शोधायला दुसरी तुकडी जाते. तुम्ही जागा सोडायची नाही."

मी सगळं उतरवून घेतलं. वेळ, दिशा, अंदाजे उंची, खाली काय लटकलंय. माझ्या जोडीला हवालदार फुलसिंगभाऊ होते. ते म्हणाले, "ताई, एवढं तर मी लग्नाच्या यादीतबी लिहिलं नव्हतं."

पाचव्या दिवशी शहराबाहेर परीक्षा झाली. अकरा ते दोन या वेळात कुठूनही, कसाही एक ड्रोन येईल. आम्हा दोघांना पाण्याच्या टाकीजवळ उभं केलं. समोर कपाशी, मागे टाकी. चार दिवसांच्या पावसानंतर ऊन पडलं होतं आणि जमिनीतून वाफ येत होती.

दीड वाजता कपाशीवर घरघर झाली. सहा पंखांचा मोठा ड्रोन, पोटाला टाकी, खाली बारीक तुषार.

"फवारणी आहे," फुलसिंगभाऊ म्हणाले आणि पाण्याची बाटली उघडली.

मला ते पटेना. मी शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याकडे फवारणी सकाळी, नाहीतर ऊन उतरल्यावर. भर दुपारी औषध पानावर टिकत नाही, हे सासरे पंप पाठीवर घेताना रोज बोलायचे. सरांनी मुद्दामच फवारणीचं सोंग पाठवलं असणार, सगळे फसतील म्हणून. वायरलेस हातात घेतला. पण खरीच फवारणी निघाली तर पाच दिवसांत मी एकटीच मूर्ख ठरले असते. आधी बघून येते, मग कळवते, असं ठरवलं.

"ताई, जागा," फुलसिंगभाऊ मागून म्हणाले.

"दोन मिनिटं."

बांधावर एक बाई रिमोट घेऊन उभी होती. बचत गटाची, काजल नाव. बाभळीला साडीची झोळी, झोळीत तिची पोर, नुकतीच उठलेली.

"एवढ्या दुपारी फवारणी?" मी विचारलं.

"चार दिन पानी खाई ग्या, बाई. नऊ जनस्ना वावर बाकी शेतस. आते उघाड मिळनी, ते बारा काय नि दोन काय." तिची नजर ड्रोनवरून हलली नाही. "तेवढं धर ना तिले. मन्हा हात मोकळा नही."

मी धरलं. पोरीनं माझ्या खांद्यावर तोंड घासलं, लाळेचा ओला डाग पडला, आणि ती तिथेच टेकून राहिली. अनोळखी बाई म्हणून रडलीसुद्धा नाही.

"तुले शे का पोर?"

"आहे."

"कोठे?"

मी सांगितलं. ती "हं" म्हणाली.

टाकीकडे परतले तर फुलसिंगभाऊ आभाळाकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"येऊन गेला," ते म्हणाले. "पांढरा, लहान. टाकीच्या मागून. एक चव्वेचाळीसला. मी कळवलं." मग आवाज उतरवला. "तुमच्या कागदावरबी तेच लिहा. कोण बघतंय?"

पेन उघडला. एक चव्वेचाळीस लिहायला काहीच लागत नव्हतं. पण मी तो ड्रोन पाहिला नव्हता. असं न पाहिलेलं लिहून मिळालेल्या जागेवर बसून मी रोज काय बघणार होते? लिहिलं: एक एकतीस ते एक बावन्न, जागेवर नव्हते.

सरांनी कागद वाचला. "खरं लिहिलंत, हे मी वर सांगेन," म्हणाले. "पण एकवीस मिनिटं, मॅडम."

संध्याकाळी दोन नावं लागली. पहिलं फुलसिंगभाऊंचं. ते माझ्याशी बोलायला आले. मीच म्हटलं, "पेढे द्या भाऊ, फुकट सुटणार नाही."

दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या स्टँडवर धडगावच्या गाडीला सव्वा तास होता. सासरचं गाव तिथून वीस मिनिटांवर. वीस जायला, वीस यायला. मधल्या वेळात लेक पदराआडून बघेल, जवळ यायचं की नाही ठरवत असेल, तोवर मला उठावं लागेल.

मी जाऊबाईंना फोन लावला. निकाल सांगितला. त्यांनी विचारलं, "आते कोठे शेस?"

"नंदुरबारलाच अजून," मी म्हटलं.

तेवढ्यात डोक्यावरच्या भोंग्यातून शहादा बसस्थानकाची सूचना झाली, धडगावच्या गाडीची, फलाट क्रमांकासकट. मी फोनवर तळवा धरला तोवर ती संपलीही होती.

"बरं," जाऊबाई म्हणाल्या. "काही खाई ले."