वळणावरची लाल चादर

लाँचवाल्याच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. लेक गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून तो नदीवर जास्तच फेऱ्या मारी. वरच्या अंगाला, दाट जंगलात, एका वळणावर बांबूला लाल चादर टांगलेली त्याला आधीपासूनच दिसे. कुणाचं तरी धुणं असेल, असं म्हणून तो भोंगा वाजवून पुढे जाई.

एकदा पंख्यात वेल अडकली आणि लाँच नेमकी तिथेच थांबली. काठावर एक म्हातारी उभी होती.

"आलास एकदाचा," ती म्हणाली. "तीन हंगाम बोलावतेय."

"मावशी, मला वाटलं धुणं वाळत घातलंय."

"इथं? बारा महिने पाऊस गळतो, बाबा. आमचं धुणं चुलीवर वाळतं आणि मिरीही चुलीवरच. बाहेर चादर टांगणारी बाई एक तर वेडी, नाहीतर अडलेली."

लाँचवाला ओशाळला. तिच्या घरात मिरीची पोती छतापर्यंत रचलेली होती. खालच्या पोत्यांना बुरशीचा वास येत होता. शेजारच्या चार घरांतही हीच तऱ्हा.

"पिकवायचं आणि कुजताना बघायचं, त्यापेक्षा हमाली बरी, म्हणून पोरगा बाजारात गेला. लाँच रोज दिसते. दिसलीच नसती तर निदान वाट तरी पाहिली नसती."

"हाक मारायची ना."

"तुझ्या इंजिनापुढे? मला ओरडता आलं नाही, पण तुला विचारता आलं असतं."

लाँचवाल्याने वरची चांगली पोती लाँचमध्ये चढवली.

बाजाराच्या धक्क्यावर एका हमालाने पोतं पाठीवर घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. पोत्याला नाक लावून तो तसाच बसून राहिला.

"हा आमच्या चुलीचा धूर आहे. कुठून आणलंत?"

"लाल चादरीच्या वळणावरून."

"माझी चादर ती," तो हळूच म्हणाला. "आई रात्री काय पांघरते मग?"

परतीच्या फेरीला म्हातारीचा पोरगा लाँचमध्ये होता. लाँच त्या वळणावर थांबू लागली आणि पाचही घरांची मिरी बाजारात पोचू लागली.

मंडळी, आपल्या रोजच्या वाटेवरही कुणी काहीतरी टांगून उभं असतं. आपणच अर्थ लावून पुढे जाऊ नये. थांबावं, विचारावं.

लाँचवाल्याला पहिली नात झाली, त्या वर्षी मिरीची तोडणी संपल्यावर मावशी वारल्या. लाल चादर त्यांच्या अंगावर होती.