आत्याची सोय

मुलांनो, खुर्चीवर बसा पाहू. आता उठायचं नाही, कितीही वाटलं तरी नाही. तुमच्या मांडीवर चार जणांच्या पिशव्या आहेत अशी कल्पना करा, त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि कुणाचा तरी स्वेटर. भोवती नवं शहर आहे, फार सुंदर आहे म्हणे. पण तुम्हाला काय दिसतंय? लोकांचे पट्टे, पर्स आणि कोपरं. राग येतोय ना? भिंगरीला तो दुपारी आला. सकाळी तिच्या काही लक्षातच आलं नव्हतं.

भिंगरी म्हणजे एका जागी न टिकणारी मुलगी, म्हणून हे नाव. आई, बाबा, दादा आणि आत्या यांच्याबरोबर ती बोटीच्या सहलीला निघाली होती. बोट संध्याकाळी सुटणार होती, तोवर सहलीच्या गटाबरोबर, गाईडच्या मागे, बंदराचं शहर बघून घ्यायचं असं ठरलं होतं. पाय अधू झाल्यापासून आत्या चाकांच्या खुर्चीत असे. पण सहल सुचली होती तिलाच. "मला अख्खी बोट उंचावरून बघायची आहे," ती घरी म्हणाली होती. "एकदा आत शिरलं की बोट थोडीच दिसते? नुसते जिने आणि दारं दिसतात!" शहराच्या जुन्या तटावरून बोट तशी दिसते, हेही तिनेच शोधून काढलं होतं.

पहिल्याच ठिकाणी, घंटाघराशी, पायऱ्या निघाल्या.

"ताई, तू इथे सावलीत बस," बाबा म्हणाले. "पिशव्याही राहू देत तुझ्याजवळ. आम्ही पटकन जाऊन येतो."

"जा, जा. माझं काय, मी बसते," आत्या हसून म्हणाली.

"चला, ताईची छान सोय झाली!" म्हणत बाबा वर गेले. त्यांच्यामागे सगळे.

संग्रहालयाशी तेच झालं. बागेतही तेच. दादा तर आत्याकडे न बघताच तिच्या मांडीवर पिशवी टाकू लागला. बागेतून सगळे परत आले तेव्हा एक अनोळखी गृहस्थ हातात बॅग घेऊन आत्यासमोर उभे होते.

"सामान इथेच ठेवायचं ना हो?"

"नाही हो, मी पण फिरायलाच आलेय," आत्या म्हणाली. गृहस्थ ओशाळून निघून गेले.

दादा पोट धरून हसला. "आत्या, दुकानच काढ तू!"

भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. "दात काय काढतोस? खुंटी आहे का ती?"

"मला काय बोलतेस? तुझी टोपीसुद्धा तिच्याकडेच आहे की!"

होती खरी. भिंगरी कानापर्यंत लाल झाली. तिने टोपी खेचून घेतली आणि डोक्यावर दाबून बसवली. आता तिला स्वतःचाही राग आला होता, आणि तो सर्वांत वाईट असतो.

शेवटी तट आला. पिवळी छत्री नाचवत गाईड म्हणाला, "जिन्याने वर चला, लवकर! बंदरावर वेळेत पोचायचं आहे." आत्याने मान वर करून दगडी भिंतीकडे पाहिलं. पाहतच राहिली.

"उतार नाही का कुठे?" भिंगरीने विचारलं.

"आहे ना, मागच्या बाजूला. पूर्वी तिथून माल चढवायचे. पण लांबचा वळसा आहे, बाळ. सगळ्यांची गैरसोय होईल."

"ताई, मी वरून झकास फोटो काढतो तुझ्यासाठी," बाबा म्हणाले. "व्हिडिओच काढतो. तू इथे..."

"सोय करताय ना, बाबा?" भिंगरी म्हणाली. "कोणाची? तिची की आपली?"

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस. ताईची काही तक्रार आहे का? विचार तिलाच."

सगळे आत्याकडे वळले. आत्या सवयीने हसली. "अगं, माझं काय, मी..."

"आत्या!" भिंगरी ओरडली. "तू पण ना! घरी म्हणालीस अख्खी बोट बघायची, आणि इथे म्हणतेस माझं काय! तूच खोटं बोलल्यावर यांना कसं कळणार?"

"भिंगरे, आवाज!" आई म्हणाली, पण तिची नजर जमिनीकडे होती.

आत्याचं हसू मावळलं. ती म्हणाली, "खरंय, खोटंच बोलते मी." मग भावाकडे वळली. "मला वर जायचंय. फोटो नकोय मला. आणि या बाटल्या काढ आधी, सकाळपासून मांडीत रुततायत."

गाईडने घड्याळाकडे पाहिलं. "गट काही थांबणार नाही हो."

बाटल्या, पिशव्या, स्वेटर, जे ज्याचं होतं ते भिंगरीने त्याच्या हातात कोंबलं. खुर्चीचा ब्रेक सोडला आणि मागच्या उताराकडे ढकलत नेली. चढ सुरू होताच पुढची चाकं दगडांच्या फटीत अडकली. तेव्हा तिने खुर्ची उलटी फिरवली, टाचा रोवल्या आणि मागे मागे सरकत आत्याला वर ओढायला लागली.