यादीबाहेरची वेल

मी रताळ्याची वेल बोलतेय. हसू नका. रताळं म्हटलं की तुम्हाला उपास आठवतो; इथे पापुआ न्यू गिनीत, एंगाच्या डोंगरात, माणसं सकाळ-संध्याकाळ मलाच खातात आणि त्यांची डुकरंही. मी नीट आले नाही तर सगळं घर तोंड पाडून बसतं.

माझा जन्म मात्र मातीत नाही, बाटलीत झाला. इथल्या जुन्या वेलींना डोळ्यांना न दिसणारा रोग लागला होता. दरवर्षी रताळी बारीक होत होत बोटाएवढी झाली. मग सरकारने ठरवलं, शेतकऱ्यांना निरोगी बेणं द्यायचं. प्रयोगशाळेत वेलीच्या शेंड्याचा एवढासा कण काढून मला काचेत वाढवलं. काय ती स्वच्छता! मुंगीसुद्धा भेटायला यायची नाही. मला तर बाई वीट आला होता.

योजनेचे नियम कडक. बेणं फक्त यादीतल्या शेतकऱ्याला. त्याने ते रस्त्याकाठच्या वाफ्यात लावायचं आणि वर्षभर कुणाला एक कांडीही द्यायची नाही. वर्षाने पाहणी, वाफा जगला नाही तर गावाला पुन्हा बेणं नाही.

आता यादीत नाव कुणाचं? घरच्या कर्त्या पुरुषाचं. गंमत बघा, या डोंगरात पुरुष झाडं तोडतो, कुंपण घालतो, चर खणतो. रताळं लावायला तो वाकला तर सगळी वाडी हसेल. तरी यालो नावाच्या कृषी अधिकाऱ्याने दोन दिवस लागवड शिकवली ती पुरुषांनाच. त्यांनी माना डोलावल्या. जन्मभर रताळी लावणाऱ्या बायका रस्त्याकाठच्या त्या वाफ्याच्या कुंपणाबाहेर उभ्या होत्या.

माझी नि माझ्या बहिणींची जुडी यादीतल्या लाम्बूला मिळाली. माणूस भला, पण हिरव्या वेलींचा भारा हातात आला की इथल्या पुरुषाला एकच काम ठाऊक. घरी आला आणि त्याने आम्हाला सरळ डुकरिणीपुढे टाकलं!

काय सांगू, त्या मेलीने माझ्या बहिणींचा फडशा पाडला. तेवढ्यात लाम्बूची बायको पासोने मळ्यातून आली.

"अहो, सरकारचं बेणं डुकराला?"

"मला वाटलं, तिच्यासाठीच दिलंय. किती कोवळं होतं!"

"मग दोन दिवस तिथे झोपा काढल्यात का?"

"झोपलो नव्हतो. शेवटी जरा डोळा लागला."

पासोनेने डुकरिणीच्या तोंडातून आम्हाला ओढून काढलं. तिघी वाचलो. तिच्या घरी पाच खाणारी तोंडं आणि टोपलीत तीच बोटाएवढी रताळी.

रस्त्याकाठी तिने आम्हाला लावलं नाही. तिथे खोलगट आहे, थंडीत दव गोठतं आणि वेली करपतात. तिने वर उतारावर मातीचा मोठा ढीग रचला, त्याच्या पोटात गवत दाबलं. गवत कुजायला लागलं तशी आत काय ऊब आली म्हणता! बाटलीतलं सगळं बालपण मी विसरले. मी पसरले, फुटले, सुखावले.

मग जावा-नणंदा यायला लागल्या. "वहिनी, दोन कांड्या दे की." मागणाऱ्या बाईला वेल नाकारायची रीत इथे नाहीच. पासोने देत गेली. वर्षभरात मी वीस मळ्यांत पोचले.

आणि पाहणीचा दिवस उजाडला. रस्त्याकाठच्या वाफ्यात नुसतं गवत. यालो म्हणाला, "लाम्बूदादा, वेली कुठायत?"

लाम्बूने डोकं खाजवलं. "साहेब, डुकरीण फार खूश झाली."

यालोने कागद काढला. आता पासोनेपायी सगळ्या वाडीचं बेणं बंद होणार होतं. ती पहिल्यांदाच कुंपणाच्या आत आली.

"साहेब, लिहायच्या आधी वर चला."

वर सगळा उतार हिरवागार. पासोनेने ढिगात हात घालून मनगटाएवढं रताळं उपसलं. यालो बघतच राहिला. मग त्याला नियम आठवला.

"मावशी, वर्षभर कुणाला द्यायचं नाही, असं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं असेल. पण ते ह्यांना. मला कुणी सांगितलं?"

बाकीच्या बाया खो खो हसल्या. यालो खजील झाला. पासोनेने राखेत भाजलेलं रताळं त्याच्या हातावर ठेवलं. उभ्याने दोन घास खाऊन तो खालीच बसला आणि कागदावरचं लाम्बूचं नाव खोडून म्हणाला, "नावं सांगा."

विसाच्या वीस बायकांची नावं त्याने लिहिली. उठताना मात्र घुटमळला.

"मावशी, दोन कांड्या मिळतील? पलीकडच्या खोऱ्यात माझी आई असते. तिचीही रताळी बोटाएवढीच येतात."

लाम्बूला चेव आला. "आईचं नाव आहे का यादीत?"

"नाही," यालो खाली बघत म्हणाला. "बाबांचं आहे. मीच लिहिलंय."

कुणी हसलं नाही. पासोनेने दोन सोडून दहा कांड्या कापल्या.

आता मी यालोच्या पिशवीत, ओल्या पानांत गुंडाळलेली आहे. प्रवास मजेचा चाललाय. एवढंच मागणं आहे रे बाबा, घरी पोचलास की मला आईच्याच हातात दे.