रेघेबाहेरचं घर

"साहेब, अंबुबाईचं घर धरणाच्या पाण्यात जातंय, आन् नकाशात ते रेघेबाहेर आलंय," कुंडलिक पुन्हा म्हणाला.

साहेबांनी मान वर केली नाही. "नकाशा मंजूर झालाय. आता एक कोपरा हलवला तर सगळ्या गावाची मोजणी नव्याने करावी लागेल. कोण करणार? तुझा बाप?"

कुंडलिक बाहेर आला. सोलापूरच्या मोजणी कचेरीत त्याची हयात मोजणीची साखळी ओढण्यात गेली होती. जेऊरकडच्या त्या गावाची मोजणीही त्याचीच. साखळी गावाला वळसा घालून पहिल्या दगडाशी परत आली, पण कागदावर शेवटची रेघ पहिलीला मिळेना; जराशी फट राहिली. अशी फट पडली की ती सगळ्या कोपऱ्यांत वाटून टाकायची, ही कचेरीची जुनी रीत. प्रत्येक कोपरा केसभर सरकतो, आकृती जुळते, कुणाचं काही बिघडत नाही. यंदाही त्याने तेच केलं, आणि बिघडलं. कागदावर अंबुबाईचं घर धरणाच्या पाण्याच्या रेघेबाहेर, कोरड्या बाजूला सरकलं. रेघेच्या आतल्या शेजाऱ्यांना दुसरीकडे जागा मिळाली, ते गेलेही. हिला काहीच नाही. आणि पाणी तर येणारच. पाण्याला कुठे नकाशा वाचता येतो?

रविवारी तो तिच्या दारात उभा राहिला. सगळी आळी ओस पडली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंबुबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. "लई बरं झालं आलात दादा. मालक गेल्यापास्नं कुनी इचारत न्हाय. आन् आता तर समदीच गेली."

"मावशी, घर सोडा. पानी येनार हाय."

"आन् जाऊ कुटं?"

कुंडलिकने तांब्या खाली ठेवला.

"कागदात तर घर बुडत न्हाय म्हंत्यात की."

"कागुद चुकलाय. मीच चुकलोय, मावशी."

"आसं नगा म्हनू. सरकारी कागुद हाय. त्यो कसा चुकंल? रेघ कुटनं जाती, तेवढं दावा मला."

त्याने काठी घेतली. अंगणाच्या कडेला, गोठ्याच्या अलीकडून, त्याने मातीत नकाशातली रेघ ओढली; गोठा पाण्यात, घर कोरड्यात.

अंबुबाई उठली. रेघेपलीकडे बांधलेली शेळी तिने सोडली आणि अलीकडे, घराच्या भिंतीशी आणून बांधली.