करवतीचं पलीकडचं टोक

गेनूने करवतीच्या पात्यावरून रॉकेलचा बोळा फिरवला, मूठ धरली आणि ओंडक्यापलीकडे बसलेल्या भैरूकडे न बघताच ती ओढली. भैरूने ती आपल्या बाजूला परत ओढली. पवनेच्या काठी पाडलेल्या आंब्याचे खोड होते, दुपार होती आणि दोघांच्या मधोमध ती लांबलचक करवत ये-जा करत होती.

पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यातून गेनूला बोलावणे आले होते. बांधलेला पगार, तोही दुप्पट, वर रविवारची सुट्टी. सोमवारी हजर व्हायचे होते, आणि त्याचे अजून तळ्यात-मळ्यात चालले होते.

"भोंगा वाजला की जेवायचं, भोंगा वाजला की उठायचं," भैरू म्हणाला. "बैल बी आपल्या मनानं रवंथ करतो, गड्या."

"व्हय, नाना."

भैरू असे बोलत होता ते भीतीपोटी. करवतीला दोन माणसे लागतात, आणि पिकल्या पानाशी जोडी बांधायला चिंचवडात दुसरे कोण येणार होते? गेनू गेला की भैरूची चूल थंडावणार, हे उघड होते. वर त्याची एक समजूत होती, की या पोराला घडवले ते आपण, आणि आजही आपल्याच ओढीवर त्याचा हात चालतो.

आंब्याचा ओलसर भुसा मांडीवर साचत होता. नदीवरून गारवा यायचा, जायचा. खर्र, खर्र. भैरूच्या पापण्या जड झाल्या. त्याला वाटले, आपण नावेत बसलो आहोत आणि काठ हलके हलके मागे सरतो आहे. अंगाला कसलेच ओझे नाही. किती बरे वाटत होते त्याला!

त्याने डोळे उघडले तेव्हा करवत चालूच होती. त्याचे दोन्ही हात मात्र भुशात, मांडीवर पडले होते. करवतीची रिकामी मूठ छातीपर्यंत येत होती आणि त्याच लयीत परत जात होती. पलीकडे गेनू मान खाली घालून ओढतही होता आणि पाते वाकू न देता, जपून ढकलतही होता. ही कसरत काही आजची नव्हती, हात सरावलेला दिसत होता. कधीपासून? गेल्या दिवाळीपासून? की त्याच्याही आधीपासून? भैरूला मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि मागोमाग पोराविषयी पोटातून माया दाटून आली.

"गेनू, सोमवारी जा तू."

करवत थांबली. गेनूने त्याच्या तोंडाकडे पाहिले, मग मांडीवरच्या हातांकडे.

"तुमच्या जोडीला कोन?"

"कोनी न्हाई," भैरू म्हणाला. "तरी जा."

गेनूने करवत आपल्याकडे ओढून घेतली आणि या खेपेला परत ढकलली नाही. भैरूने टाचा खोडाला रोवल्या, दोन्ही हातांनी मूठ आवळली आणि ओढली. करवत वीतभर आली नि अडली.

गेनू मूठ नुसती धरून नानाच्या पुढच्या ओढीची वाट बघत बसला.